धूर कधी येतो ते आधी बघा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

धूर सोडणाऱ्या दुचाकींवर कारवाई होणार ही आपल्या पेपरातली बातमी वाचली. कारवाई व्हायलाच पाहिजे, पुढच्या गाडीचा निळा धूर खात सिग्नलला उभं राहायची हौस कुणालाच नसते. पण सगळ्या बातमीचा सूर असा होता की लोकांनी वेळेवर पीयूसी काढली की झालं, प्रश्न मिटला. तसं नाहीये हो. म्हणून लिहायला बसलो.

मी बोअरिंगवाला आहे, कराडला. मेकॅनिक गाडी खोलतो, ब्लॉक (ज्या नळकांड्यात पिस्टन वरखाली होतो तो) आणि पिस्टन माझ्याकडे पाठवतो, मी मोजून बोअर मारतो, म्हणजे ते भोक जरा मोठं करून गोल करतो, होनिंग करतो, म्हणजे आतून बारीक तिरप्या रेघा मारतो, परत देतो. त्यामुळे ऑइल खाणाऱ्या गाड्यांच्या पोटात काय झालंय ते मला रोज बघायला मिळतं, आणि माझं स्पष्ट मत आहे की माझ्या टेबलावर येणारे बरेच ब्लॉक यायलाच नको होते. धंद्याच्या विरुद्ध बोलतोय हे कळतंय मला, घरात पण हेच ऐकतो.

आधी पीयूसीचं. पेट्रोलच्या दुचाकीची पीयूसी करताना सायलेन्सरमध्ये नळी घालतात आणि गाडी आयडलिंगला, म्हणजे रेस न देता, चालू ठेवून दोन गोष्टी मोजतात, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन. 2000 नंतरच्या जुन्या फोर स्ट्रोक गाड्यांना मर्यादा आहे 3.5 टक्के आणि 4500 पीपीएम. आता यात धूर किती दाट आहे हे कुठं आलं? धुराचा दाटपणा मोजायचं मशीन डिझेल गाड्यांना लावतात, पेट्रोलला नाही. आणि ऑइल जाळणारी गाडी गरम झाल्यावर आयडलिंगला बऱ्याचदा शहाण्यासारखी उभी राहते, धूर मारते ती रस्त्यावर, रेस दिल्यावर नाहीतर उतार संपल्यावर. म्हणजे कागद पास आणि गाडी मात्र मागच्याच्या डोळ्यात धूर सोडत चाललीय. 2019 च्या दुरुस्तीनंतर कायद्यात प्रदूषणाचा दंड 10,000 रुपयांपर्यंत गेलाय, ते ठीक, पण ज्याच्याकडे पास झालेला कागद आहे तो म्हणतो माझी गाडी चांगलीय, माझ्याकडे सर्टिफिकेट आहे. आणि ज्याला पोलिसांनी अडवलं तो घाबरून गॅरेजला जातो, तिथं एका मिनिटात निकाल लागतो की पिस्टनवरच्या रिंगा गेल्या, हाफ इंजिन करावं लागेल, म्हणजे पिस्टन, रिंगा, बोअरिंग सगळं. दोन्हीकडे गाडीला कुणी काही विचारतच नाही.

परवा एक दुधाचा रतीब घालणारा पोरगा आला, पिशवीत ब्लॉक घेऊन. शंभर सीसीची आपली नेहमीची गाडी, अर्धा महाराष्ट्र जिच्यावर चालतो ती. मेकॅनिकने सांगितलेलं, पॉइंट पंचवीस मारून आण, म्हणजे बोअर पाव मिलिमीटरने वाढवून. मी गेज लावला. या इंजिनाचा बोअर नवा असताना 50 मिलिमीटरचा असतो, याचा वरच्या टोकाला, जिथं सगळ्यात जास्त घासतं तिथं, दोन शतांश मिलिमीटर वाढलेला. दोन शतांश म्हणजे काहीच नाही. आतमध्ये होनिंगच्या तिरप्या रेघा अजून दिसत होत्या बॅटरी मारल्यावर. मी विचारलं, "धूर कधी येतो रे?" म्हणाला, "काका, सकाळी पहिल्या किकला भसकन येतो, शेजारी बोलतात, मग दिवसभर काय नाही." "आणि घाट उतरल्यावर?" "घाटात मी जात नाय, पण पुलाच्या उतारावरनं खाली आल्यावर रेस दिली की येतो थोडा."

झालं की मग. हा रिंगांचा धूरच नव्हे. वॉल्व्हच्या दांडीला वरून एक छोटं रबराचं सील असतं, ते उष्णतेने कडक होतं, मग रात्रभर गाडी उभी असली की हेडमधलं, म्हणजे ब्लॉकच्या वरच्या भागातलं, ऑइल त्या दांडीवरून थेंब थेंब खाली उतरतं आणि सकाळी पहिल्या किकला जळतं. दिवसा गाडी चालू असताना जाणवत नाही. उतारावर रेस सोडली की इंजिन आत जोरात ओढ घेतं, ती ओढ सीलमधून ऑइल खेचते, खाली येऊन रेस दिली की तो साठलेला माल एकदम धूर होऊन बाहेर. दोन सील, शंभराच्या आतबाहेर किंमत, हेड उतरवायची मजुरी आणि नवं गॅस्केट. त्याऐवजी त्याला पिस्टन, रिंगा, बोअरिंग असं सगळं मिळून तीन-चार हजाराचं काम सांगितलेलं आणि गंमत म्हणजे ते सगळं करून सील जुनंच राहिलं असतं तर धूर तसाच. मग तो परत येऊन माझ्याच नावाने ओरडला असता की बोअर नीट मारला नाही. ब्लॉक तसाच परत दिला त्याला. मेकॅनिकला फोन करून सांगितलं, हेड उतरवलेलंच आहे तर वॉल्व्ह बाजूला हलवून गाईडमध्ये (वॉल्व्हची दांडी ज्या नळीत सरकते ती) किती ढिला वाजतोय तेवढं बघ, गाईड गेला असेल तर नुसतं सील टाकून महिन्यात परत तेच.

आमच्याकडे ही परीक्षा करायला कुंभार्ली घाट आहे, चिपळूणला जाणारा. माझा सल्ला असतो की मागे एक मित्र दुसऱ्या गाडीवर घ्या आणि घाट उतरा, गिअरमध्ये, रेस बंद. खाली आल्यावर रेस द्या आणि मित्राला विचारा. त्या क्षणाला निळा लोट आला आणि मग साफ झाला तर संशय वरच्या बाजूला, सील आणि गाईड. आता परत फिरून डबल सीट घाट चढा. चढावर, लोडवर, जितकी रेस तितका धूर आणि तो थांबतच नाही, तर संशय खाली, रिंगा आणि बोअर. रिंगा फारच गेलेल्या असतील तर उतरतानाही येणार आणि चढतानाही येणार, तिथं मग वाद नको. घाट नसेल तर गावाबाहेरचा एखादा लांब उतार चालतो, उड्डाणपूल चालतो, रिकामा बघून घ्या फक्त.

रंगाबद्दल पण खूप गोंधळ आहे. निळसर पांढरा, जळक्या तेलाचा वास, सायलेन्सरच्या तोंडाशी पांढरं फडकं धरलं तर तेलकट ठिपके, हे ऑइल. काळा कोरडा धूर म्हणजे पेट्रोल जास्त चाललंय, चोक अडकलाय किंवा एअर फिल्टर गच्च भरलाय, त्याचा रिंगांशी संबंध नाही. थंडीत सकाळी पांढरी वाफ येते, वास नसतो, दोन मिनिटांत जाते, ते पाणी आहे, त्याला घाबरू नका. मोबाइलवर कारचे व्हिडिओ बघून लोक येतात आणि म्हणतात पांढरा धूर म्हणजे हेड गॅस्केट गेलं, पाणी जळतंय. अहो तुमची गाडी हवेवर थंड होणारी आहे, तिच्यात पाणी आहेच कुठं जळायला! रेडिएटरवाल्या गाड्यांचं वेगळं.

प्लग पण बोलतो. काढून बघा, काळा आणि ओला, चकचकीत असेल तर ऑइल. काळा पण कोरडा, काजळीसारखा, तर पेट्रोल. खात्रीसाठी कॉम्प्रेशन गेज (इंजिनातला दाब मोजायचं मीटर) असलेला मेकॅनिक शोधा, असतात, आणि नसेल तर त्याला घ्यायला लावा, फार महाग वस्तू नाही. गाडी गरम करून एकदा मोजायचं, मग प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून परत मोजायचं. आकडा चांगला वाढला तर रिंगांतून दाब गळतोय, ऑइलने ती फट तात्पुरती बुजवली. वाढलाच नाही आणि मुळातच कमी आहे तर वॉल्व्ह नीट बसत नाहीत. आणि एक तिसरी गोष्ट जी चांगले चांगले विसरतात, कॉम्प्रेशन अगदी ठणठणीत आणि तरी धूर. तेव्हा खालची ऑइल रिंग कार्बनने खाचेत चिकटून बसलेली असू शकते, वरच्या दोन रिंगा काम करतायत पण भिंतीवरचं ऑइल पुसून खाली न्यायचं काम जिचं ती अडकलीय. असे पिस्टन मी बघितलेत, खाच साफ केली, नव्या रिंगा टाकल्या, बोअर मापात होता म्हणून हलका होन फिरवला, गाडी सुधारली. पॉइंट पंचवीसची गरजच नव्हती.

हे सगळं झालं धुराचं. पण धूर दिसलाच पाहिजे असं नाही. बीएस-6 गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो, थोडं ऑइल जळत असलं तर तो ते लपवतो (आणि स्वतः हळूहळू खराब होतो, तो खर्च वेगळा). कधी ऑइल जळतच नसतं, गळत असतं, गिअर शाफ्टच्या सीलमधून चेनच्या बाजूला, ड्रेन बोल्टच्या वॉशरमधून. चेन कव्हरच्या आत बोट फिरवा, चिखल तेलकट असेल तर पैसे इंजिन खोलण्यात घालवू नका. म्हणून खरा साक्षीदार एकच, इंजिनात किती ऑइल उरलंय ते दाखवणारी ऑइलची काडी.

ती काडी कुणी बघत नाही हो! माझ्याकडे येणाऱ्यांना विचारतो शेवटचं लेव्हल कधी बघितलं, तर उत्तर येतं सर्व्हिसिंगला. दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये तीन हजार किलोमीटर जातात, चार पण जातात. हिशोब करा, या छोट्या गाड्यांत ऑइल असतं लिटरच्या आसपास. गाडी हजार किलोमीटरला 200 मिली खात असेल, जे जुन्या गाडीला काही फार नाही, तर तीन हजारात 600 मिली गेलं. राहिलं किती? आणि या साध्या गाड्यांना ऑइल कमी झाल्याचा लाल दिवा नसतो, कारसारखा. गाडी सांगत नाही, एक दिवस हायवेला साठ-सत्तरच्या स्पीडला चाक जाम होतं. असे इंजिन जाम झालेले जे ब्लॉक येतात ते बघवत नाहीत, पिस्टनचं ॲल्युमिनियम भिंतीला चिकटून निघालेलं असतं. तेव्हा बोअरिंगने पण भागत नाही कधी कधी, क्रँकपर्यंत काम जातं.

बघायची पद्धत सोपी आहे पण लोक तीही धड करत नाहीत. गाडी मेन स्टँडवर, सपाट जागेवर, साइड स्टँडवर अजिबात नाही. तीन-चार मिनिटं चालू ठेवून बंद करा, दोन-तीन मिनिटं थांबा म्हणजे ऑइल खाली उतरतं, काडी पुसा, घाला, बघा. बऱ्याच गाड्यांत काडी न आवळता नुसती टेकवून बघायची असते, काहींत वेगळं असतं, आपल्या गाडीच्या पुस्तकात बघा, ते पुस्तक सीटखाली प्लास्टिकमध्ये न उघडलेलं असतं. काही गाड्यांना काच असते तिथं तर काडीचाही त्रास नाही. आणि वरच्या खुणेच्या वर भरू नका. काही गाड्यांना ऑइल बदलताना 800 मिलीच लागतं पण बाटली लिटरची आहे म्हणून अख्खी ओततात, मग जास्तीचं ऑइल आत घुसळून ब्रीदरच्या (इंजिनातली कोंडलेली हवा बाहेर सोडणाऱ्या) पाइपने एअर फिल्टरच्या डब्यात जातं आणि तिथून जळायला. असली गाडी सुद्धा धूर मारते. इलाज काय, तर जास्तीचं काढून घेणं आणि तो डबा पुसून काढणं. एवढ्यावरून हाफ इंजिनचा खर्च सांगितलेला मी ऐकलाय.

तर वरच्या खुणेला भरून 500 किलोमीटर चालवा, औषधाच्या बाटलीचं मापाचं झाकण असतं ना त्याने मोजून परत भरा, लिहून ठेवा, त्याची दुप्पट म्हणजे हजार किलोमीटरचा हिशोब. हजाराला शंभर मिलीच्या आत जात असेल आणि गाडी जुनी असेल तर मी म्हणतो चालवा निवांत, दर दोन टाक्यांना काडी बघा. दोनशेपर्यंत असेल तर पाव लिटरची बाटली आणि एक जादा प्लग गाडीत ठेवा आणि सीझन बघून काम काढा. तीनशेच्या वर गेलं तर मात्र टाळू नका. हे माझं गणित आहे, कंपनीचं नाही, कुणाला जास्त कडक वाटेल कुणाला ढिलं.

काम लगेच काढायला पैसे नसतात हे मला कळतं, शाळेच्या फिया असतात, ऊसबिल यायचं असतं. तोवर भागवायचं तर थोडं जाड ऑइल चालतं, 10डब्ल्यू-30 वाल्या जुन्या गाडीला 20डब्ल्यू-40 टाकलं तर खाणं थोडं कमी होतं, मायलेज किंचित पडेल, सकाळी गाडी थोडी जड वाटेल. पण बाटलीवर जासो एमए नाहीतर एमए2 लिहिलेलं बघून घ्या, कारण मोटरसायकलचा क्लच त्याच ऑइलमध्ये भिजलेला असतो आणि कारच्या बऱ्याच ऑइलमध्ये घसरण वाढवणारे पदार्थ असतात, मग क्लच स्लिप व्हायला लागतो आणि ऑइल वाचवायला गेलात त्यात क्लच प्लेटी गेल्या. धूर बंद करणारी जादूची बाटली मिळते, तिचं पण तेच, ऑइल जाड करते, बाकी काही नाही. आणि झिजलेल्या इंजिनात हजार रुपयाचं फुल सिंथेटिक घालणं म्हणजे पैसे सायलेन्सरमधून सोडणं. अजून एक, वरून भरत राहिलो म्हणून ऑइल बदलायची गरज नाही असं काहीजण समजतात. वरून भरलं तरी खालची घाण तिथंच आहे, वेळेला सगळं काढून नवं भरायलाच लागतं.

खरंच बोअर मारायची वेळ आली तर तिथं पण डोळे उघडे ठेवा. नुसत्या रिंगा बदलून काम भागवतो म्हणणाऱ्याला आधी विचारा, बोअर मोजला का? झिजलेला बोअर गोल राहत नाही, अंडाकार होतो, वर रुंद खाली अरुंद होतो, त्यात नवी गोल रिंग घातली तर चार महिने बरं वाटतं. दुसरं, पिस्टन आधी विकत घ्या आणि ब्लॉकबरोबर बोअरिंगवाल्याकडे द्या. मला लोक नुसता ब्लॉक आणून देतात, म्हणतात पॉइंट पंचवीस मारून ठेवा, पिस्टन नंतर घेतो. पॉइंट पंचवीस लिहिलेले दोन कंपन्यांचे पिस्टन एकसारखे नसतात हो, पिस्टन हातात घेऊन मोजल्याशिवाय किती फट ठेवायची हे कसं ठरवणार? बसवताना रिंगेवरची खूण वर पाहिजे आणि तिन्हीची तोंडं एका रेषेत नकोत, हे मेकॅनिकसमोर उभं राहून बघा, राग आला तर येऊ दे. काही नव्या गाड्यांच्या सिलेंडरला आतून कठीण थर दिलेला असतो, ते बोअर होत नाहीत, अख्खा सेटच बदलावा लागतो, तिथं कुणी बोअर मारून देतो म्हणाला तर उठून या. आणि जुने भाग परत मागा, तुमचेच आहेत ते. नवं काम झाल्यावर पहिले पाच-दहा मिनिटं धूर येईल, बसवतानाचं ऑइल जळतंय, घाबरू नका, पहिल्या 500 किलोमीटरला फार पळवू नका, फार रखडवू पण नका, आणि ते ऑइल फेकून नवं भरा.

हे सगळं होतं कशानं म्हणाल तर आमच्याकडे मुख्य कारण धूळ. हायवेचं सहापदरीचं काम, ऊसतोडीच्या ट्रॉल्या, वीटभट्ट्या. एअर फिल्टर फाटका, किंवा पिकअप वाढतो म्हणून काढूनच टाकलेला. कागदाचा फिल्टर पेट्रोलने धुऊन वाळवून परत लावलेला तर मी रोज बघतो. तो धुवायचा नसतो, बदलायचा असतो. बारीक माती आत गेली की बोअरला पॉलिश पेपर लावल्यासारखं काम करते, ऑइल कितीही भारी घाला. आणि आरएक्स 100 च्या जमान्यातली मंडळी अजून म्हणतात धूर तर येणारच, गाडी आहे. ती टू स्ट्रोक होती, तिच्यात ऑइल पेट्रोलबरोबर जाळायलाच टाकलेलं असायचं. तुमची फोर स्ट्रोक आहे, हिचं ऑइल जळायला नाही.

आरटीओ आणि वाहतूक पोलिसांना आपल्या पेपरातून एवढीच विनंती पोचवा की कारवाईच्या दिवशी एक मेकॅनिक बरोबर उभा करा, पकडलेल्या गाडीची काडी तिथंच काढून मालकाला दाखवा आणि पीयूसी केंद्रावर आयडलिंगबरोबर दोनदा रेस देऊन डोळ्यांनी धूर बघायची सक्ती करा. त्याला मशीन लागत नाही.

पत्र लांबलंय, तुमच्या जागेत बसणार नाही हे कळतंय. कापायचंच असेल तर रिंगांचं, बोअरिंगचं कापा, काडी कशी बघायची तेवढं कापू नका.

आपला,
एक बोअरिंगवाला, कराड